थोरलीचा चष्मा

४ मार्च

थोरली अजून दारातच उभी! आज चौथा दिवस. हातात पत्र, पाकीट फोडलेलं, आणि बाईसाहेब ढिम्म हलायला तयार नाहीत. मी लिहिते, 'तिने पत्र वाचलं, चुरगाळलं आणि केराच्या बादलीत टाकून दिलं.' वाक्यात खोट काही नाही. पण वाचून बघितलं की वाटतं, हे मी केलं, तिने नाही. बादलीवरचा हात माझाच आहे.

सकाळी आठ ते साडेनऊ, एवढाच वेळ माझा. मग दुकान. आजचा सगळा वेळ त्या दारात गेला.

चहा घेताना ह्यांनी विचारलं, "काय गं, आली का तुझी थोरली आत?"

"नाही. दारातच आहे."

"चार दिवस? अगं, पाणी तरी विचार तिला!"

ह्यांना सगळीच गंमत वाटते.

५ मार्च

संपादकबाईंचा फोन. महिनाअखेर म्हणजे महिनाअखेर, एक दिवस जास्त मिळायचा नाही. मी म्हटलं, एकच प्रसंग अडलाय. "मग सोडा तो, पुढचं लिहा." सोडू कसा? सगळी कादंबरी त्या एका पत्रावर उभी आहे. आई धाकटीच्या घरी अंथरुणाला खिळलेली. थोरली दुसऱ्या गावी, नोकरीत. तिला पत्र जातं. ती येत नाही. आई वाट बघत बघत जाते. थोरलीने ते पत्र फेकलंच नाही, तर पुढची साठ पानं मी कशावर लिहू?

इथे कोण वाचणार आहे, म्हणून लिहून टाकते – थोरली म्हणजे माझी ताई आणि धाकटी म्हणजे मी. संपादकबाईंना 'सगळं काल्पनिक आहे हो' असं सांगितलंय. एकोणीस वर्षं ताईशी बोलणं नाही. पुस्तक निघालं की एक प्रत तिच्या पत्त्यावर धाडायची, हे पहिलं पान लिहायच्या आधीच ठरलं होतं. तिने वाचावं, स्वतःला ओळखावं आणि मान खाली घालावी. कादंबरी लिहायचं हे काही भलं कारण नव्हे. पण दोनशे पानं याच कारणावर निघाली, तेव्हा आता त्याला नावं कशाला ठेवू.

७ मार्च

आजही दारातच.

दुकानात माझं काम डोळे तपासायचं. खुर्ची, तक्ता, भिंगांची पेटी आणि दर माणसामागे एक कार्ड – उजवा डोळा, डावा डोळा, जवळचं, लांबचं, चष्मा कधीपासून. तीस वर्षं हेच करते. त्यामुळे कादंबरीतल्या प्रत्येक माणसाचंही आधी कार्ड भरते; नाकडोळे, रंगरूप मागाहून. याला चष्म्याशिवाय किती दिसतं? चष्मा असल्याचं कबूल करतो, की फोटो काढताना हळूच खिशात टाकतो? तक्त्यावरची ओळ दिसली नाही तर 'दिसत नाही' म्हणतो, की अंदाजाने ठोकून देतो? एवढं कळलं की माणूस अर्धा कळला. बाकीचे लेखक काय करतात देव जाणे.

थोरलीचं कार्ड सगळ्यांत आधी भरलं होतं. ताईचं जुनं कार्ड दुकानात आहेच. तिचा पहिला चष्मा मीच काढून दिला – जवळचा, एक नंबर. थोरली बावन्न वर्षांची, म्हणून तिला दोन नंबर दिला.

भिंगकाका माझं लिखाण वाचतात. भिंगकाका म्हणजे दुकानाचे मालक; त्यांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही आठवायला लागत असेल. वाचतात म्हणजे सगळं नाही, फक्त चष्मे. कुठे चष्मा आला की थांबतात, बाकीचं भराभर उलटतात. आज डबा खाताना पानं घेऊन बसले.

११ मार्च

पकडली! दोनशे चौथ्या पानावर भिंगकाकांनी पेन्सिलीने भलीमोठी फुली मारली.

"या बाईला जवळचा दोन नंबर. दारातल्या अर्धवट उजेडात, चष्म्याशिवाय, धाकटीचं हे मुंगीएवढं अक्षर हिने वाचलं कसं?"

"काका, ती रागात होती."

"रागाने नंबर उतरत असता तर मी दुकानाला टाळं लावलं असतं."

लोकांना जन्मभर चष्मे लावले आणि माझीच बाई चष्म्याविना पत्र वाचतेय! इतके दिवस ती दारात का अडली होती ते आता कळलं. दिसतच नव्हतं बिचारीला. आणि मी आपली मागून ढोसतेय – वाच, फेक! वाच, फेक!

१२ मार्च

पाठवली आत, चष्मा आणायला. दोन ओळींचं काम. दीड तास गेला.

खिडकीत बघितलं, नव्हता. उशीखाली नव्हता. शेवटी स्वयंपाकघरात, कालच्या वर्तमानपत्राखाली सापडला. एक काडी ढिली झालेली, काळ्या दोऱ्याने बांधलेली. मग तिने बाहीने काचा पुसल्या. खुर्ची ओढली. बसली! मी तिला बसायला सांगितलं नव्हतं. पत्र टेबलावर ठेवलं आणि घडी मोडायला तळहाताने दोनदा सपाट केलं. पत्र चुरगाळणाऱ्या बाईची ही लक्षणं नव्हेत.

तो काळा दोरा मी योजलेला नव्हता. तो आपोआप आला. दुकानात जाताना वाटेत आठवलं. आई गेल्यावर तिसऱ्या दिवशी ताई आली, तेव्हा तिच्या चष्म्याला दोरा बांधलेला होता. मी त्या दिवशी तिच्याकडे रागाने बघत होते असं मला वाटत होतं. मी दोरा बघत होते.

१३ मार्च

चष्मा आहे, उजेड आहे, खुर्ची आहे. तरी वाचत नाही. आता आणखी काय हवंय तुला, महामाये?

१५ मार्च

नवी पानं संपादकबाईंना धाडली होती. म्हणाल्या, "चष्मा शोधणं झकास झालंय. पण पत्रात लिहिलंय काय? ती पत्राकडे बघतेय आणि आम्ही भिंतीकडे बघत बसलोय!"

मी म्हटलं, ते वाचकाने समजून घ्यायचं.

"बरं. पण तुम्हाला तरी ठाऊक आहे ना?"

काय बाई बोलते! ठाऊक नसायला काय झालं? मीच तर लिहिलं होतं. म्हणजे, धाकटीने.

१६ मार्च

घालूनच टाकते ते पत्र.

ताईने दूरची बदली मागून घेतली तेव्हा आई दारात म्हणाली होती, "गेलीस तर परत तोंड दाखवू नकोस." दोघी एकाच माळेचे मणी. सहा वर्षं गेली, कोणी माघार घेतली नाही. मग आई आजारी पडली, आमच्याकडे आली. सात महिने अंथरुणात. शेवटी शेवटी म्हणाली, तिला लिही. मी म्हटलं, फोन करूया की. "फोन ती ठेवून देईल. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी वाचावं लागतं." आईचा हात थरथरायचा, म्हणून तिने सांगितलं आणि मी लिहिलं. तीनच वाक्यं. 'माझा राग गेला. एकदा येऊन जा. तुला बघायचंय.'

आज हीच तीन वाक्यं थोरलीच्या पुढ्यात ठेवली. तिने वाचली. चष्मा काढला. आणि उठून कपाटावरची पिशवी खाली घेतली. कपडे भरायला लागली!!

१७ मार्च, रविवार

सुट्टी, म्हणून सकाळपासून बसले. तीनदा लिहिलं. तीनदा तिने पिशवी भरली. तिसऱ्या वेळी मी मुद्दाम पिशवीची चेन बिघडवली. तिने दोरी बांधली. तिला ताप आणून बघितला – ताप घेऊन निघाली!

दोनशे पानं मी या बाईला ओळखते. हट्टी आहे, तोंडाळ आहे, आईशी भांडून गेलेली आहे. पण 'तुला बघायचंय' हे वाचून ती घरी बसायची नाही म्हणजे नाही. ती घरी बसायला हवी असेल तर पत्रात दुसरं काहीतरी असलं पाहिजे.

हे काय लिहिलं मी?

१८ मार्च

सकाळी चहावर ह्यांनी नेहमीसारखं विचारलं. मी सांगितलं, थोरली पिशवी भरतेय, ऐकत नाही. मला वाटलं हसतील. हसले नाहीत. कप खाली ठेवून म्हणाले, "ते डिंकाचं पत्र का?"

"कसलं डिंकाचं?"

"मी पेटीत टाकायला निघालो होतो ते. तू म्हणालीस, थांबा. पाकीट फोडलंस, आत जाऊन बसलीस, परत चिकटवून दिलंस. डिंक ओला होता, माझ्या खिशाला चिकटलं. तो डाग शेवटपर्यंत गेला नाही."

"मग विचारलं नाहीत तेव्हा?"

"मला वाटलं, काहीतरी लिहायचं राहिलं असेल."

काही राहिलं नव्हतं.

दुकानात एका गिऱ्हाइकाची भिंगं दुसऱ्याला लावली. भिंगकाका म्हणाले, बरं नसेल तर घरी जा. घरी जाऊन काय करू? घरी ती बसली आहे.

१९ मार्च

काही लिहिलं नाही.

२० मार्च

लिहायचंय. इथे नाही लिहिलं तर कुठेच नाही.

मी दुसरं पत्र लिहिलं होतं. पहिलं फाडलं. दुसऱ्यात लिहिलं – 'मला आता बरं आहे. काळजी नसावी. नोकरी सांभाळ. एवढ्यात येण्याची घाई करू नकोस.' मुंगीएवढ्या अक्षरात. शब्द न् शब्द आठवतोय. कुठे होता इतकी वर्षं?

का केलं? सात महिने आईचं सगळं मी करत होते. कूस बदलणं, भांडं देणं, चादरी धुणं. दुकान सांभाळून. एकदाही 'दमलीस का गं' म्हणाली नाही. दार वाजलं की मान वळवायची, ती आली का म्हणून. दुधवाल्यासाठीसुद्धा! पत्र सांगताना तिचा चेहरा जसा झाला, तसा माझ्यासाठी कधी झाला नव्हता. ताई येणार, दोन दिवस उशाशी बसणार, आणि सात महिन्यांचं सगळं पुण्य तिच्या पदरात. मला हेवा वाटला. दुसरं काही नाही. मला वाटलं, थोडे दिवस आई माझी एकटीची राहू दे. मग बोलवू.

थोडे दिवस मिळाले नाहीत. सतराव्या दिवशी आई गेली.

याच्यावर कडी म्हणजे – ताई आली तेव्हा खोली माणसांनी भरलेली होती, आणि मी सगळ्यांच्या देखत म्हटलं, "आईने पत्र पाठवून बोलावलं, तेव्हा नाही आलीस!" तिने माझ्याकडे बघितलं. काही बोलली नाही. पाणीसुद्धा न घेता गेली. त्यानंतर मी हे इतक्या जणांना सांगितलंय. पत्र पाठवलं होतं – खरं. आली नाही – खरं. दोन खरी वाक्यं शेजारी शेजारी ठेवली की त्यांच्यामध्ये काय गाडलंय ते कुणी बघत नाही. मीसुद्धा बघायचं सोडून दिलं.

आईने शेवटच्या दिवशीही विचारलं होतं, उत्तर आलं का. मी म्हटलं, येईल.

मला माझी लाज वाटते.

२२ मार्च

भिंगकाका कपाटात काहीतरी शोधत होते. माझी कार्डं हाताला लागली. एकेक बघत म्हणाले, "सगळ्यांची आहेत. शेजारणीचं आहे, पोस्टमनचं आहे. धाकटीचं कुठंय?"

नव्हतंच. दोनशे पानं जी बाई बोलते, जिच्या डोळ्यांनी सगळं दिसतं, तिचे डोळे मी तपासलेच नव्हते! तिला काय धाड भरली आहे, असं धरून चालले होते.

दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. तपासणीच्या खोलीत एकटीच खुर्चीत बसले आणि कार्ड भरलं. शेवटच्या रकान्यात लिहिलं – दिसत नसलं तर अंदाजाने ठोकून देते.

२४ मार्च, रविवार

झालं लिहून! थोरलीने दुसरं पत्र वाचलं. दोनदा वाचलं. घडी घातली, खणात ठेवलं, आणि कामावर गेली. पिशवी कपाटावरच. मी ढकललं नाही, ओढलं नाही, सगळं तिचं तिने केलं. पहिल्यापासूनची पन्नासएक पानं आता बदलावी लागणार. धाकटी साळसूद वाटत होती, तिथे तिथे आता वाचवत नाही.

एकच जागा अजून टोचते. आई गेल्यानंतरचा प्रसंग. धाकटी सगळ्यांच्या देखत बोलते, तेव्हा थोरली गप्प का राहते? ते पत्र दाखवलं असतं तर धाकटीला तोंड लपवायला जागा उरली नसती. खूप विचार केला. मग लिहिलं, 'तिला धाकट्या बहिणीची कीव आली.' वाचायला बरं वाटतं.

२६ मार्च

संपादकबाई खूश. "थोरली काय उंचीला गेली हो! छापायला देऊया." मी म्हटलं, आधी एका माणसाने वाचायला हवं.

"कोणी?"

"थोरलीने."

"काल्पनिक म्हणाला होतात."

मग सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, पंधरा एप्रिलपर्यंत थांबते, त्यापुढे नाही. आणि ती नको म्हणाली तर? मी म्हटलं, तर नाही छापायचं. तीन वर्षांचं काम आहे. तरी बोलले.

२८ मार्च

पत्राची आणि त्यापुढची अशी बावीस पानं हाताने उतरवून काढली. मोठ्या अक्षरात, ओळ सोडून, म्हणजे चष्मा सापडला नाही तरी वाचता येईल. वर चिठ्ठी – 'हे असं झालं होतं. मी केलं. पुस्तक छापू की नको ते तू सांग.' माफी मागणारी वाक्यं चार लिहिली, चारही खोडली. सगळ्यांत मीच भली दिसत होते.

हे म्हणाले, "दे, मी टाकून येतो." मी म्हटलं, नको. या वेळी मीच जाते.

२ एप्रिल

काही नाही.

५ एप्रिल

काही नाही. पोस्टमन आला की मी दुकानाच्या दाराकडे मान वळवते. आईसारखी.

९ एप्रिल

ह्यांनी आज थोरलीबद्दल विचारलं नाही. चहात साखर जास्त घालून दिली.

१२ एप्रिल

ताईचं पत्र. जाड पेनने, एकच पान. जसंच्या तसं उतरवते –

'पानं वाचली. तुझं ते पत्र वाचलं त्याच दिवशी मला कळलं होतं की हे आईचं बोलणं नाही. काळजी नसावी, असं ती जन्मात कुणाला म्हणाली नसेल. सगळ्यांनी तिची काळजी केलेली तिला हवी असायची. कळूनही मी आले नाही. रजा मिळत होती. आईपुढे उभं राहायची भीती वाटत होती, आणि तू माझी न येण्याची सोय करून दिलीस. ती मी घेतली. तू सगळ्यांच्या देखत बोललीस तेव्हा त्यासाठी गप्प बसले. कीवबीव काही नव्हती. छाप पुस्तक, पण थोरलीला एवढी गरीब गाय करू नकोस. खोटी वाटते. आणि दोन नंबर केव्हाच गेला, आता तीन आहे.'

कार्ड काढून तीन लिहिलं. भिंगं आजच घासायला देते. फ्रेम कसली हवी, ते फोन करून विचारणार आहे. ठेवून दिला तर ठेवून दिला.